तांबे कळकते तेव्हा काय घडते?

इलेक्ट्रॉनच्या देवघेवीचा वेग ठरवतात रेणूंची कंपने

कसबा पेठ ही पुण्यातील सर्वांत जुनी पेठ आणि या पेठेतील तांबट आळी ओळखली जाते ती तांब्याच्या भांड्यांसाठी. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या त्वष्टा कासार समाजाच्या कारागिरांनी ही आळी नावारूपाला आणली. बंब, घंगाळी, हंडे, कळश्या येथे घडल्या आणि त्यांवरील मठारकामाची ख्याती पुण्याबाहेर पोहोचली. पुढे घरोघरी गॅसचे गिझर आले, स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि बंब-घंगाळी माळ्यावर गेली. तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर मराठी घरांत रुजलेला एक शब्द मात्र टिकून आहे. तो म्हणजे 'कळकणे'.

कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंच घातलेली आमटी राहिली की ती कळकते. तिला हिरवट झाक येते, चव तुरट होते आणि असे अन्न पोटात गेल्यास मळमळते, उलट्या होतात. यावरचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे : भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या कथिलाचा पातळ थर आतून फिरवायचा. उपाय जुना असला, तरी कळकताना तांब्याच्या अणूचे नेमके काय होते, याचे सविस्तर उत्तर रसायनशास्त्राला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच देता आले. ते उत्तर मोठे रंजक आहे, कारण त्याचा नायक म्हणून ज्याच्याकडे सगळे पाहत होते तो इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात हुकमाचा ताबेदार निघाला. हुकूम देतात ती रेणूंची कंपने.

(एक खुलासा येथेच केलेला बरा. तांबटाच्या हातोड्याचे ठोके आणि रेणूंची कंपने यांचा काहीही संबंध नाही. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, तो धातूच्या स्फटिकरचनेतील बदलांमुळे. येथे ज्या कंपनांविषयी लिहिले आहे ती सेकंदाला लाखो कोटी वेळा होणारी, न ऐकू येणारी कंपने आहेत.)

घेणारा आणि देणारा

तांबे निव्वळ आम्लात सहजी विरघळत नाही. त्याला हवेतील ऑक्सिजनची जोड लागते. भांड्यातील तांब्याचा अणू आपले इलेक्ट्रॉन सोडतो, द्रवात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो आणि इलेक्ट्रॉन गमावलेले तांबे आयनाच्या रूपात ताकात उतरते. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि मिळवणे म्हणजे क्षपण, हे शाळेत आपण शिकलेलो असतो. भट्टीत तापवलेल्या तांब्यावर जो काळा थर धरतो तोही याच देवघेवीचा परिणाम. चिंच-मीठ लावून भांडे घासताना होते ते मात्र वेगळे. तेथे चिंचेतील आम्ल हा थर फक्त विरघळवून काढून टाकते, त्यासाठी इलेक्ट्रॉनने घर बदलण्याची गरज नसते.

इलेक्ट्रॉनची ही देवघेव जगात सर्वत्र चालू असते. श्वासाने घेतलेला ऑक्सिजन पेशींत वापरला जाताना, पानात सूर्यप्रकाश पडताना, मोबाईलची बॅटरी भरताना आणि लोखंड गंजताना मूळ क्रिया एकच : एकाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन जाणे. त्यातल्या काही क्रिया क्षणार्धात होतात आणि काही तासन्‌तास रखडतात. असे का व्हावे, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर ऐरणीवर आला.

युद्धकाळात अणुसंशोधनाला जोर आल्याने किरणोत्सर्गी समस्थानिके प्रयोगशाळांना मिळू लागली. त्यामुळे एका लोहआयनाला 'खूण' करून त्याच्याकडील इलेक्ट्रॉन दुसऱ्या, अगदी तशाच लोहआयनाकडे किती वेळात जातो, हे मोजता येऊ लागले. या क्रियेत कोणताही बंध तुटत नाही आणि नवा जुळतही नाही. सुरुवातीला जे पदार्थ असतात तेच शेवटीही असतात. रसायनशास्त्रात याहून साधी क्रिया सापडणे कठीण. तरीही तिचा वेग पदार्थागणिक प्रचंड बदलत होता. रुथेनियमच्या अणूभोवती अमोनियाचे सहा रेणू असलेले आयन आपसांत इलेक्ट्रॉन झटपट बदलतात. रुथेनियमच्या जागी कोबाल्ट ठेवले की हाच वेग सुमारे अब्ज पटींनी घसरतो. इलेक्ट्रॉन तर दोन्हीकडे तोच.

लिबींची चूक आणि मार्कस यांचा हिशोब

प्रश्नाची पहिली उकल १९५२ मध्ये विलार्ड लिबी यांनी सुचवली. कार्बनच्या किरणोत्सर्गावरून प्राचीन वस्तूंचे वय काढण्याच्या पद्धतीसाठी १९६० चे नोबेल मिळवणारे ते हेच लिबी. त्यांचा मुद्दा वस्तुमानाचा होता. तांब्याच्या अणूचे केंद्रक इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे एक लाख पंधरा हजार पट जड असते. हलका इलेक्ट्रॉन उडी मारतो त्या क्षणी जड अणू जागच्या जागी थिजल्यासारखे असतात. इलेक्ट्रॉन निघून जातो आणि मागे राहिलेल्या अणूंना नव्या परिस्थितीशी नंतर जुळवून घ्यावे लागते. ज्या आयनाला अधिक जुळवून घ्यावे लागते, त्याची क्रिया मंद.

विचार दिशेने बरोबर होता, पण त्यात एक भोक होते. अणू जुन्याच जागी असताना इलेक्ट्रॉन नव्या घरी गेला, तर ती अवस्था जास्त ऊर्जेची असते. ही जादा ऊर्जा आणायची कोठून? प्रकाश पडत असेल तर तो ती देईल, पण अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवलेल्या चंचुपात्रातही ही क्रिया होतेच. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तर मोडता येत नाही.

हे भोक बुजवले ते रुडॉल्फ मार्कस यांनी. मॉन्ट्रियल येथे १९२३ मध्ये जन्मलेले मार्कस तेव्हा न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक संस्थेत शिकवत होते. लिबींचा निबंध वाचल्यावर त्यांनी क्रम उलटा केला. इलेक्ट्रॉन आधी आणि अणूंची हालचाल नंतर, असे नव्हे. अणू आधी हलतात. उष्णतेमुळे रेणूंतील बंध सतत आखडत-ताणत असतात, भोवतीचे पाण्याचे रेणू डुलत-वळत असतात. या अव्याहत कंपनांत कधीतरी एक क्षण असा येतो की अणूंची मांडणी देणाऱ्याच्या सोयीचीही नसते आणि घेणाऱ्याच्या सोयीचीही नसते, तर बरोबर मधली असते. त्या क्षणी इलेक्ट्रॉन इकडे असो वा तिकडे, एकूण ऊर्जा सारखीच भरते. इलेक्ट्रॉन उडी मारतो तो तेव्हाच. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा सिद्धान्त पुढे त्यांनी धातूच्या पृष्ठभागावरील क्रियांनाही लागू केला आणि १९९२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता रुथेनियम-कोबाल्टचे कोडे सुटते. एक इलेक्ट्रॉन आला-गेला तर रुथेनियम आणि नायट्रोजन यांच्यातील अंतर जेमतेम ०.०४ अँगस्ट्रॉमने बदलते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग). कोबाल्टमध्ये हा फरक ०.२ अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे. सहाच्या सहा बंध एकाच वेळी एवढे ताणले जाण्याचा योग फार क्वचित येतो. कोबाल्टच्या बाबतीत त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या अंतर्गत मांडणीचाही अडसर आहे, पण या ताणाचा वाटा मोठा.

ऑक्सिजनचीही अशीच अडचण आहे. त्याच्या रेणूतील दोन अणूंमधले अंतर १.२१ अँगस्ट्रॉम असते. एक इलेक्ट्रॉन घेतला की ते सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम होते आणि त्या बंधाचे कंपनही मंदावते. म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारण्याआधी ऑक्सिजनला आपला बंध ताणून धरावा लागतो. पाचवा हिस्सा ऑक्सिजन असलेल्या हवेत आपण, आपली घरे आणि आपली भांडी सुखाने नांदतात, त्यामागे ऑक्सिजनच्या या आढेवेढ्यांचाही हात आहे.

जास्त घाई, कमी वेग

एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत जाण्यासाठी अणूंना लागणाऱ्या ऊर्जेला 'पुनर्रचना ऊर्जा' म्हणतात. मार्कस यांच्या समीकरणातून या ऊर्जेविषयी एक विलक्षण निष्कर्ष निघत होता. क्रियेतून बाहेर पडणारी ऊर्जा वाढवत नेली तर वेग वाढतो, हे कोणालाही पटेल. पण ती पुनर्रचना ऊर्जेहून जास्त झाली की वेग पुन्हा घटू लागला पाहिजे, असे समीकरण सांगत होते. उतार तीव्र केल्यावर गाडी सावकाश धावू लागावी, तसाच हा प्रकार. यावर विश्वास ठेवणे तज्ज्ञांनाही जड गेले आणि जवळपास पाव शतक पुरावा मिळाला नाही. अखेर १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन मिलर आणि गेरहार्ड क्लॉस यांनी स्टेरॉइडच्या ताठ सांगाड्याच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसऱ्या टोकाला घेणारा गट जोडून हा 'व्यस्त प्रदेश' प्रयोगाने दाखवला.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. वेग घटला खरा, पण समीकरणाने सांगितले होते तितका नाही. कारण पुन्हा कंपनेच. रेणूतील कार्बन-कार्बन बंधांची जलद कंपने जादा ऊर्जेचा काही भाग गिळतात आणि इलेक्ट्रॉनला वाट मोकळी करून देतात. जलद कंपनांचा हा हिशोब पुंजभौतिकीशिवाय मांडता येत नाही. तो मांडण्याचे मोठे काम १९७० च्या दशकात इस्रायलचे जोशुआ जॉर्टनर आणि अमेरिकेचे जॉन हॉपफील्ड यांनी केले. या हॉपफील्ड यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते मात्र संगणकातील कृत्रिम न्यूरल जाळ्यांच्या पायाभूत कामासाठी. त्यांच्या १९७४ च्या इलेक्ट्रॉनविषयक निबंधाची आठवण वृत्तपत्रांना फारशी झाली नाही.

पुंजभौतिकीची गरज दाखवणारा प्रयोग त्याआधीच झाला होता. १९६६ मध्ये डॉन डिव्हॉल्ट आणि ब्रिटन चान्स यांनी प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंवर लेसरचा झोत टाकून त्यांच्या प्रथिनातून इलेक्ट्रॉन निघण्याचा वेळ मोजला. तापमान उतरवत नेले तसा वेग सुमारे हजार पटींनी मंदावला. मात्र उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास आल्यावर मंदावणे थांबले आणि पुढे कितीही थंडी वाढवली तरी वेग तोच राहिला. उष्णतेची कंपने गोठली होती, तरी इलेक्ट्रॉन जातच होता. याचे कारण असे की, निरपेक्ष शून्याजवळही रेणूचे कंपन पूर्णपणे थांबत नाही. पुंजनियमांनुसार त्यात थोडी थरथर उरतेच आणि तिच्या आधारे अणू ऊर्जेचा डोंगर चढून न जाता जणू बोगद्यातून पलीकडे पोहोचतात. शास्त्रज्ञ याला 'टनेलिंग' म्हणतात.

तुळशीच्या पानातले तांबे

तांबट आळीत ज्या धातूचे पत्रे ठोकले जातात, तोच धातू अतिसूक्ष्म प्रमाणात प्रत्येक हिरव्या पानात असतो. अंगणातल्या तुळशीवर ऊन पडले की पाण्याच्या रेणूंतून सुटलेले इलेक्ट्रॉन एका लांबलचक साखळीतून प्रवास करतात. त्यातील एका टप्प्यावर ते वाहून नेण्याचे काम 'प्लास्टोसायानिन' नावाचे छोटे प्रथिन करते. या प्रथिनाच्या पोटात तांब्याचा एकच अणू असतो आणि त्यामुळे त्याला गडद निळा रंग येतो.

तांबे या कामासाठी तसे गैरसोयीचे. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याला आपल्याभोवती चार शेजारी चौफलकाच्या टोकांवर, म्हणजे तिन्ही मितींत पसरलेले लागतात. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याला शेजारी एका सपाट चौकोनात बसलेले आवडतात. म्हणजे इलेक्ट्रॉन दर वेळी आला-गेला की शेजाऱ्यांनी उठून जागा बदलायच्या. फेनॅन्थ्रोलिन या सेंद्रिय संयुगाचे दोन रेणू तांब्याला जोडून पाण्यात ही पुनर्रचना ऊर्जा मोजली गेली, तेव्हा ती सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरली.

निसर्गाने यावर तोड काढली आहे. सिडनी विद्यापीठातील हान्स फ्रीमन यांच्या गटाने १९७८ मध्ये प्लास्टोसायानिनची स्फटिकरचना उलगडली. त्यात तांब्याला हिस्टिडिनचे दोन नायट्रोजन आणि सिस्टीन व मेथिओनिन यांचे प्रत्येकी एक गंधक, असे चार शेजारी दिसले. ते चौफलकावरही नव्हते आणि सपाट चौकोनातही नव्हते, तर मधल्याच एका वाकड्या मांडणीत होते. प्रथिनाच्या घडीने त्यांना तसे जखडून ठेवले आहे. मार्कस यांच्या सिद्धान्तात जी मधली मांडणी कंपनांतून क्वचित लाभते, ती येथे जवळपास कायमचीच मांडून ठेवलेली. बर्ट व्हॅली आणि रॉबर्ट विल्यम्स यांनी १९६८ मध्ये, म्हणजे रचना हाती येण्यापूर्वीच, अशा ताणलेल्या अवस्थेची कल्पना मांडली होती. प्रथिन तांब्याला खरोखरच किती ताणते यावर पुढे वाद झाला, मात्र परिणामाबद्दल वाद नाही. जिवाणूंमधील ॲझुरिन या अशाच निळ्या प्रथिनाची पुनर्रचना ऊर्जा ०.७ ते ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. सारख्याच दोन रेणूंतल्या देवघेवीत पार करावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा पुनर्रचना ऊर्जेच्या चौथ्या हिश्शाएवढा असतो. त्या हिशोबाने, इतर गोष्टी समान धरल्यास, नेहमीच्या तापमानाला या फरकामुळे वेगात पडणारे अंतर कोटीच्या घरात जाते.

आपल्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग असा की, निसर्गाने तांबे बदलून दुसरा धातू घेतला नाही, इलेक्ट्रॉनला जादा ऊर्जाही दिली नाही. त्याने केवळ अणूंना हलावे लागण्याचे प्रमाण कमी केले.

कंपने दिसतात कशी?

रेणूंची कंपने पाहण्याचे एक प्रमुख साधन भारतीय आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात नोंदवलेल्या परिणामानुसार, रेणूवर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग रंग बदलून येतो आणि त्या बदलावरून रेणूतील बंध कोणत्या गतीने कंप पावतात ते कळते. निळ्या प्रथिनांवर योग्य रंगाचा लेसर टाकल्यास तांबे आणि गंधक यांच्या बंधाचे कंपन ठळकपणे दिसते. ते सेकंदाला सुमारे बारा लाख कोटी वेळा होते. एका हेलकाव्याला लागणारा वेळ मोजायला फेम्टोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक हजार लाख कोटीव्या भागाचे माप लागते. इतक्या अल्प काळाचे लेसर झोत वापरून रासायनिक क्रिया घडताना पाहण्याच्या कामासाठी अहमद झेवेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले.

पाहता आले, मग हात घालण्याची इच्छा होणारच. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठाच्या ज्युलिया वाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यांनी घेतलेल्या रेणूच्या मधोमध प्लॅटिनम, एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला घेणारा गट आणि त्यांना जोडणारे कार्बन-कार्बन तिहेरी बंधांचे पूल होते. प्रकाशाच्या पहिल्या झोताने इलेक्ट्रॉनचा प्रवास सुरू केला. इलेक्ट्रॉन वाटेत असतानाच दुसरा, अवरक्त झोत टाकून तिहेरी बंधाचे कंपन तेवढे वाढवले. या बंधाचे कंपन सेकंदाला सुमारे साठ लाख कोटी वेळा होते, म्हणून झोताची तरंगलांबी त्याच्याशी जुळवावी लागते. परिणाम असा की, इलेक्ट्रॉनला दूरच्या टोकाकडे नेणारी वाट बंद झाली आणि तो दुसऱ्या वाटेने गेला. आजवर कंपने दैवयोगाने जुळण्याची वाट पाहिली जात होती, येथे ती ठरवून बदलली गेली.

उपयोगाचे काय, असा प्रश्न पुणेरी वाचक विचारणारच. हा प्रयोग द्रावणातील निवडक रेणूंवर, महागड्या लेसरने केलेला आहे. त्यातून उद्या बाजारात काही येईल असे सांगणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु कंपनांचा हिशोब मात्र उद्योगांच्या दारात केव्हाच पोहोचला आहे. सेंद्रिय पदार्थांच्या सौरघटात प्रकाशाने वेगळा झालेला इलेक्ट्रॉन माघारी फिरला तर वीज मिळत नाही. ही माघार व्यस्त प्रदेशात नेऊन मंद करण्याचा प्रयत्न असतो, पण रेणूतील जलद कंपने जादा ऊर्जा गिळून माघारीची वाट पुन्हा सोपी करतात. म्हणून कोणते बंध ठेवावेत आणि रेणूचा सांगाडा किती ताठ करावा, हा तेथे नफ्या-तोट्याचा प्रश्न बनतो.

विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांतील लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीची कथाही याच जातीची आहे. जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये पुढे आणलेला हा पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित, पण विजेचा अगदी मंद वाहक. त्यात इलेक्ट्रॉन एका लोहअणूवर बसला की भोवतीचे ऑक्सिजनचे अणू त्याच्यासाठी थोडे सरकतात आणि तो जणू स्वतः केलेल्या खळग्यात अडकतो. पुढच्या अणूवर जायचे तर हा खळगाही सोबत न्यावा लागतो, आणि ते जमते अणूंच्या कंपनांनी साथ दिली तेव्हाच. कारखान्यांनी यावर काढलेला मार्ग अगदी व्यवहारी आहे. पदार्थाचे कण अतिसूक्ष्म करायचे, म्हणजे इलेक्ट्रॉनला अशा उड्या कमी माराव्या लागतात, आणि त्या कणांवर कार्बनचा पातळ थर चढवायचा.